मुखपृष्ठ नसलेल्या गोष्टी

माझ्या भाच्याने गेल्या खेपेला अमेरिकेहून येताना ‘द स्पिरिट’ या जुन्या कॉमिकच्या पुनर्मुद्रणाचे दोन जाडजूड खंड आणून दिले. म्हणाला, “मामा, गोष्टी नाही वाचल्यात तरी चालेल, पण प्रत्येक गोष्टीचं पहिलं पान तेवढं बघा.” गोष्टीही वाचल्या. काही बऱ्या आहेत, काही अगदीच बेतलेल्या. पहिल्या पानांबद्दल मात्र त्याचं म्हणणं खरं निघालं.

कॉमिकमध्ये एरवी पानावर सहा-आठ चौकटी असतात. गोष्टीच्या सुरुवातीला पानभर एकच मोठं चित्र असलं, की त्याला तिकडे ‘स्प्लॅश पेज’ म्हणतात. आपल्याकडच्या भाषेत नांदी म्हणा ना! बहुतेक कॉमिक्समध्ये ही नांदी म्हणजे नायकाने खलनायकाला मारलेला एक ठोसा आणि वर कायम ठरलेल्या अक्षरांत नायकाचं नाव. विल आइस्नर या माणसाने तिचं जे केलं, ते समजायला आधी छापखान्याची आणि धंद्याची बाजू बघावी लागते.

आइस्नर 1917 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात जन्मले. ज्यू कुटुंब, परिस्थिती बेताची. वडील यिद्दिश नाटकांचे पडदे रंगवत असत. (आपल्याकडे आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत, आणि मग बाबूराव सिनेमाकडे वळले, ते इथे आठवल्याशिवाय राहत नाही.) ‘द स्पिरिट’ सुरू झालं 2 जून 1940 रोजी, रविवारच्या वर्तमानपत्रांबरोबर येणारी 16 पानांची पुरवणी म्हणून. भरात असताना ही पुरवणी वीसेक वर्तमानपत्रांतून पन्नास लाख घरांत जात असे. पुढे स्पिरिटचे हक्क आपल्याकडे राहतील, अशी व्यवस्था तेवीस वर्षांच्या या मुलाने करारातच करून घेतली होती. त्या काळात ही फार दुर्मिळ गोष्ट. सुपरमॅनच्या दोघा निर्मात्यांनी सगळे हक्क 130 डॉलरला विकून टाकले होते, ते 1938 साली.

आता गंमत अशी, की दुकानात टांगलेल्या कॉमिकला गुळगुळीत रंगीत मुखपृष्ठ असतं. ही पुरवणी पेपराच्या पोटातून येणार, तिला वेगळं मुखपृष्ठ कुठलं? रविवारी सकाळी कोणीतरी पेपर उलगडणार, बातम्या बाजूला, जाहिराती बाजूला, आणि हे चतकोर प्रकरण खाली पडणार. तिथे हात थांबला पाहिजे. म्हणजे मुखपृष्ठ, शीर्षक आणि गोष्टीची सुरुवात ही तिन्ही कामं एकाच पानाने करायची. युद्धानंतरच्या काळात स्पिरिटच्या गोष्टीला सात पानं मिळत. सातातलं एक अख्खं पान एका चित्राला! हिशेबी माणसाला हा उधळेपणा वाटेल. मला तर तो उरलेली सहा पानं वाचवण्याचा उपाय वाटतो. जागा, वेळ, हवा, कोणाची भीती, कोणाची लबाडी, हे सगळं त्या एका पानावर पोचवलेलं असतं, त्यामुळे पुढे गोष्ट सुसाट धावू शकते.

आणि त्या पानावरचं नाव! धंद्याचा साधा नियम असा, की मालाचं नाव दरवेळी त्याच ठशात छापावं, म्हणजे गिऱ्हाईक ओळखतं. आइस्नरनी नाव सतत बदलतं ठेवलं. कधी गल्लीतल्या उंच इमारती हीच ‘द स्पिरिट’ची अक्षरं, त्यांच्या खिडक्यांत दिवे, खाली मुंगीएवढी माणसं. कधी पावसात गटाराकडे वाहत निघालेले कागदाचे कपटे, एकेका कपट्यावर एकेक अक्षर. नाव चित्रावर चिकटवलेलं नसतं, ते त्या शहराचाच भाग असतं. त्याच्यावर पाऊस पडतो, त्याची सावली पडते. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली अक्षरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा आनंद वेगळा समजावून सांगायला नको. नाटकाचा स्वभाव अक्षराच्या वळणातच उतरलेला असायचा.

सगळ्यात उत्तम पानं 1946 ते 1950 या काळातली. आइस्नर 1942 ला सैन्यात गेले, तेव्हाची पुरवणी इतरांनी चालवली. ते परत आले ते जरा वेगळेच होऊन. 6 ऑक्टोबर 1946 च्या अंकात पजेल नावाची बाई पहिल्यांदा येते. पानावर नायक नाही, मारामारी नाही. ती लोळत पडलेली आहे, थेट आपल्याकडे बघते आहे, स्वतःची ओळख करून देते आहे आणि ही गोष्ट लहान मुलांसाठी नाही असं बजावते आहे. पोरं पान उलटणार नाहीत तर काय करतील! सप्टेंबर 1949 मध्ये एका खेळण्यातल्या मशीनगनची गोष्ट आहे, तिचं पहिलं पान हुबेहूब बालवाडीच्या चित्रपुस्तकासारखं. पुढच्याच आठवड्यात, 11 सप्टेंबरला, ‘टेन मिनिट्स’. ही गोष्ट वाचायला दहा मिनिटं लागतील आणि फ्रेडी नावाच्या मुलाच्या आयुष्यातली ती शेवटची दहा मिनिटं आहेत, एवढं सुरुवातीलाच सांगून टाकलेलं. शेवट आधी सांगूनही वाचक सोडत नाही. या फ्रेडीच्या गोष्टीत स्पिरिट, म्हणजे नायक, जेमतेम डोकावतो.

असो. ‘आइस्नरनी काढलं’ असं मी लिहितो आहे खरा, पण ते अर्धंच खरं. पानावर सही त्यांची, पण काम कारखान्यासारखं चाले. युद्धानंतर पार्श्वभूमी काढण्यात जेरी ग्रँडेनेटी यांचा हात होता, अक्षरं एब केनेगसन यांची, आणि संहितेत ज्यूल्स फायफर. फायफर 1946 मध्ये सतराव्या वर्षी तिथे उमेदवारीला आले. पगारवाढ मागितली तर आइस्नरनी पैशांऐवजी पुरवणीचं शेवटचं पान दिलं, त्यावर ते ‘क्लिफर्ड’ नावाची स्वतःची चित्रमालिका काढू लागले. (अशी पगारवाढ आमच्या संस्थाचालकांना सुचली नाही हे नशीब.) पुढे 1986 साली फायफरना व्यंगचित्रांसाठी पुलित्झर पारितोषिक मिळालं. ते 2025 च्या जानेवारीत गेले.

आता जे लिहायचं आहे ते टाळून चालणार नाही. याच देखण्या पानांवर एबनी व्हाइट वावरतो. हा स्पिरिटचा काळा मदतनीस पोरगा. प्रचंड जाड ओठ, बटबटीत डोळे, तोंडी मोडकंतोडकं इंग्रजी, आणि नावातच कोटी, कारण एबनी म्हणजे काळं शिसवी लाकूड. इमारत, पाऊस, सावल्या सगळं जीव ओतून काढलेलं, आणि कोपऱ्यात हे सोंग. काही गोष्टींत हा मुलगा शूर आहे, प्रेमळ आहे, नायकाचा जीव वाचवतो. तरी चेहरा सोंगाचाच. आइस्नरनी युद्धानंतर एक नीटनेटका काळा पोलीस अधिकारीही रंगवला, पुढे एबनीला मागे सारून सॅमी नावाचा गोरा पोरगा आणला. 2003 साली, म्हणजे मृत्यूच्या दोन वर्षं आधी, त्यांनी डिकन्सच्या फॅगिन या ज्यू पात्रावर ‘फॅगिन द ज्यू’ हे चित्रपुस्तक केलं. ज्यू म्हणजे असाच, असं डिकन्सने लोकांच्या डोक्यात बसवलं, अशी त्यांची तक्रार होती. त्याच्या प्रस्तावनेत त्यांना एबनीबद्दल लिहावंच लागलं. त्या काळी सगळेच तसं काढत, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. मला ते पुरेसं वाटत नाही, एवढंच. पावसाचा थेंब रस्त्यावर कसा फुटतो हे बघायला ज्याचे डोळे इतके तयार होते, त्याला ब्रुकलिनच्या रस्त्यावरचा काळा मुलगा कसा दिसतो हे बघता आलं नसतं का?

तरी ही पानं मी फाडून टाकणार नाही आणि नातवापासून लपवलीही नाहीत. तो नऊ वर्षांचा आहे. इमारतींची अक्षरं त्याने बोट फिरवून वाचली. मग एबनीवर बोट ठेवून म्हणाला, “आजोबा, बाकीची माणसं माणसांसारखी, मग याला असा का काढलाय?”

त्याला मी रामा गड्याचं सांगितलं. मुंबईतल्या घरगड्याला त्या काळी सरसकट ‘रामा’ म्हणत, मग त्याचं नाव काहीही असो. फार्समध्ये आणि व्यंगचित्रांत तो असायचाच, अर्धी चड्डी, खांद्यावर फडकं, हेल काढून बोलणारा आणि हटकून मूर्ख. माझे थोरले काका राजापूरकडून येऊन गिरगावात दोन बिऱ्हाडांची धुणीभांडी करत. नाटकाचा त्यांना भारी नाद, पण रामाचा प्रवेश सुरू झाला की ते विडी ओढायला बाहेर जात आणि संपला की परत येऊन बसत. किती वेळ लागतो ते त्यांना बरोबर ठाऊक होतं.