थंडीत वेणी घालताना: केस कोरडे का पडतात, तेल कधी लावायचं आणि वेणी किती घट्ट असावी?

नोव्हेंबरच्या मध्यावर बाटलीतलं खोबरेल तेल थिजायला लागतं. त्याच सुमारास वेणीतून बारीक केस बाहेर डोकावायला लागतात, टोकांना फाटे फुटतात आणि फणी मध्येच अडकते.

खरं तर थंडीत वेणी घालणं चांगलंच. मोकळ्या केसांपेक्षा वेणीतले केस कमी घासतात, कमी गुंततात. पण हीच वेणी घाईत, ओल्या केसांवर आणि करकचून घातली तर नुकसान करते. त्यातलं एक नुकसान कायमचं असू शकतं. कसं, ते समजून घेऊया.

थंडीत केसांना नेमकं काय होतं?

थंड हवेत बाष्प कमी मावतं. त्यात पावसाळा संपल्यावर उत्तरेकडून येणारे वारे कोरडे असतात. म्हणून नाशिक, पुणे, नागपूरकडे ओठ आणि टाचा फुटतात. समुद्रामुळे कोकणात हा त्रास त्या मानाने कमी.

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात. प्रत्येक केसावर कौलांसारखे एकावर एक रचलेले अतिसूक्ष्म खवले असतात. हवेतला ओलावा घटला की केसातलाही घटतो. केस खरखरीत होतात, एकमेकांवर घासतात, लोकरीच्या कपड्यांना घासून त्यांच्यात स्थिर वीज तयार होते आणि ते उभे राहतात. वर कढत पाण्याने न्हायलो तर टाळूचं नैसर्गिक तेलही धुऊन जातं.

त्वचा फुटली तर भरून येते. केसाचा बाहेर आलेला भाग मात्र निर्जीव असतो, तो स्वतःला दुरुस्त करू शकत नाही. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे कमरेपर्यंतच्या वेणीचं टोक चार-पाच वर्षं जुनं असतं. तितके उन्हाळे-हिवाळे त्याने काढलेले असतात. म्हणून टोकं सगळ्यात आधी झिजतात आणि काळजीही तिथेच जास्त हवी.

ओल्या केसांची वेणी घातली तर?

सकाळी सातची शाळा, साडेसहाला अंघोळ आणि ओल्या केसांच्या दोन वेण्या. हे अनेक घरांत रोजचं आहे. पण ओला केस कोरड्या केसापेक्षा जास्त ताणला जातो आणि कमजोर असतो. अशा वेळी ओढून पेड घातले तर तो सहज तुटतो. शिवाय थंडीत वेणीच्या आतले केस तासन्‌तास ओले राहतात. त्यातून कुबट वास येतो, टाळूला खाज सुटते.

"ओल्या केसांनी सर्दी होते" हे मात्र अर्धवट खरं. सर्दी विषाणूंमुळे होते. ओल्या डोक्याने हुडहुडी भरते, पण नुसत्या ओलाव्यातून सर्दी जन्माला येत नाही.

हा विषय थेट बालहक्क आयोगापर्यंतही गेला आहे. केरळमधल्या कासरगोड जिल्ह्यातल्या एका विद्यार्थिनीने दोन वेण्यांच्या सक्तीविरुद्ध तक्रार केली होती. सकाळी घाईत ओले केस बांधावे लागतात, हा त्यातला एक मुद्दा होता. २०१६ मध्ये राज्याच्या बालहक्क आयोगाने शाळांनी दोन वेण्यांची सक्ती करू नये, असं सांगितलं.

उपाय सोपा आहे. शाळा-ऑफिसच्या आदल्या संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी न्हायचं. केस टॉवेलने खसाखसा पुसायचे नाहीत, जुन्या सुती कापडाने टिपायचे. पूर्ण वाळल्यावर, मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे गुंता सोडवत जायचं आणि मग वेणी घालायची.

तेल नक्की काय करतं?

तेल केसाला पाणी देत नाही. ते केसावर थर धरतं, घर्षण कमी करतं. खोबरेल तेल याहून थोडं पुढे जातं. त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरू शकतं. २००३ मध्ये 'जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स'मध्ये आलेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना केली होती. केसांतल्या प्रथिनाची झीज फक्त खोबरेल तेलाने कमी झाली. हे संशोधन खोबरेल तेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीच्याच संशोधकांचं होतं, हेही लक्षात ठेवायला हवं.

तेल न्हायच्या आधी तास-दोन तास लावलं तरी पुरतं. थिजलेली बाटली गॅसवर न ठेवता गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा. न्हाल्यावर टोकांना कंडिशनर लावा. केस वाळले की दोन-तीन थेंब तेल तळहातावर चोळून फक्त वेणीच्या खालच्या भागाला लावा.

कोंडा असेल तर?

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. टाळू नुसती कोरडी असेल तर बारीक, पांढरे, सुके कण पडतात. कोंड्याचे पापुद्रे मोठे, तेलकट, कधी पिवळसर असतात आणि खाजही जास्त असते. कोंड्यामागे मॅलेसेझिया नावाच्या बुरशीचा हात असतो. ती टाळूवरच्या स्निग्ध पदार्थांवरच जगते. त्यामुळे कोंडा झाला म्हणून रात्रभर तेल चोपडून घट्ट वेणी घातली तर त्रास वाढू शकतो. अशा वेळी किटोकोनॅझोल किंवा झिंक पायरिथिऑन असलेला शाम्पू काही मिनिटं टाळूवर ठेवून धुणं जास्त उपयोगी. त्याने फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा.

वेणी किती घट्ट असावी?

सोपी कसोटी अशी: वेणी घातल्यावर डोकं दुखत असेल, भुवया वर ओढल्यासारख्या वाटत असतील किंवा भांगाशी आणि कानशिलाशी बारीक पुटकुळ्या दिसत असतील, तर ती वेणी घट्ट आहे. लगेच सोडा.

रोजच्या ताणाने मुळं हळूहळू दुबळी होतात आणि कपाळाच्या कडेचे केस विरळ होत जातात. याला ट्रॅक्शन ॲलोपेशिया म्हणतात. १९०७ मध्ये ग्रीनलंडमधल्या घट्ट केस बांधणाऱ्या स्त्रियांमध्ये याची नोंद झाली होती. केस घट्ट बांधणाऱ्या शीख पुरुषांमध्येही तो आढळतो. सुरुवातीला ताण थांबवला तर केस परत येतात. वर्षानुवर्षं चालू राहिलं तर मुळांच्या जागी व्रण तयार होतो आणि तिथे पुन्हा केस उगवत नाहीत. लहान मुली "दुखतंय" म्हणतात तेव्हा ते कौतुकाचं रडगाणं समजू नका.

म्हणून भांग बदलत राहा. एक दिवस सैल तिपेडी, एक दिवस सागरवेणी, एक दिवस नुसती क्लिप. साध्या रबराऐवजी कापडाचं बंधन वापरा. लग्नसराईत गंगावन आणि जड गजरे माळले तर घरी आल्यावर लगेच काढा. रात्री केस मोकळे सोडण्यापेक्षा सैल वेणी आणि उशीला सॅटिनचा अभ्रा बरा.

बॉक्स ब्रेड्स घातल्या असतील तर?

आफ्रिकी वंशाच्या लोकांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या बारीक वेण्या आता आपल्याकडेही दिसतात. त्या आठवडेच्या आठवडे तशाच राहतात, त्यामुळे वेण्यांच्या मधली टाळू धुणं आणि ओलसर ठेवणं महत्त्वाचं. अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मटॉलॉजीच्या मते त्या दोन-तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नयेत. सोडल्यावर केसांचा पुंजका हातात आला तर घाबरू नका. रोज ५० ते १०० केस गळतातच, ते वेणीत अडकून राहिलेले असतात.

गुंता सुटतच नसेल तर?

बरेच दिवस न विंचरलेल्या कोरड्या केसांची जट होते. महाराष्ट्रात अजूनही काही ठिकाणी तिला देवीचा कौल मानतात आणि त्यापायी बायका वर्षानुवर्षं मानदुखी, उवा सहन करतात. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा बायकांना समजावून जट काढून देतात. जट म्हणजे गुंताच. सुरुवातीला तेल लावून बोटांनी सुटतो, नाहीतर कापावा लागतो.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

भांग रुंद होतोय, कानशिलाशी टक्कल दिसतंय, टाळूवर पू किंवा खपल्या आहेत किंवा एकदम खूप केस गळतायत, तर घरगुती उपाय करत हिवाळा काढू नका. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. फाटे फुटलेली टोकं पुढच्या महिन्यात कापता येतात. मुळाशी व्रण झाला तर मात्र वेळ निघून गेलेली असते.