शिडीवरचे ओरखडे

१ मार्च १९३२ च्या रात्री न्यू जर्सीतल्या होपवेलजवळच्या घरातून वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांचे वीस महिन्यांचे मूल पळवले गेले. घराबाहेर पोलिसांना तीन तुकड्यांची एक ओबडधोबड लाकडी शिडी सापडली. या गुन्ह्यासाठी ब्रुनो रिचर्ड हाउप्टमन या सुताराला ३ एप्रिल १९३६ रोजी विजेच्या खुर्चीत देहदंड झाला. तो खरोखर दोषी होता का, हा वाद आजही मिटलेला नाही. त्या वादात शिडीच्या तपासाकडे एक तर निर्णायक पुरावा म्हणून किंवा निव्वळ बनाव म्हणून पाहिले जाते. दोन्ही बाजूंची गफलत एकच आहे. हत्याराची खूण गुन्हेगाराचे नाव सांगत नाही. ती शक्यता एकेक करून गाळत जाते आणि हे गाळणे दुसऱ्या कुणालाही तपासून पाहता येते. तिचे सगळे बळ यातच आहे.

विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन येथील सरकारी वनोत्पादन प्रयोगशाळेतले आर्थर कोहलर यांनी शिडीच्या दोन उभ्या पट्ट्यांवर यंत्ररंध्याच्या लाटा पाहिल्या. रंध्याची पाती गरगर फिरत लाकूड सोलतात. त्यातले एखादे किंचित पुढे आलेले किंवा दातरलेले असले, तर त्याची खूण ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा उमटते. अशा दोन खुणांमधल्या लाटा मोजल्या की पात्यांची संख्या कळते. इथे रुंद बाजूंवर आठ पाती चालली होती, कडांवर सहा. कोहलरनी १,५९८ गिरण्यांना पत्रे पाठवली. तशी यंत्रे निघाली फक्त २५ ठिकाणी. तिथले नमुने पडताळत ते साउथ कॅरोलायनातल्या मॅककॉर्मिक गावच्या डॉर्न गिरणीपर्यंत पोचले. तिथे १९२९ मध्ये यंत्राची एक पुली बदलली होती. त्यामुळे लाकूड सरकण्याचा वेग बदलला आणि लाटांमधले अंतरही. म्हणजे शिडीची फळी पुली बदलल्यानंतरचीच होती. मग गिरणीने माल कुणाकुणाला पाठवला याचा माग काढत ते १९३३ च्या अखेरीस ब्राँक्समधल्या एका वखारीत आले, आणि माग तिथेच खुंटला. रोखीने लाकूड नेणाऱ्यांची नावे वखारीत लिहिलेली नव्हती. ही थांबण्याची जागा मला या तपासातली सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण कोहलरनी लाकडाच्या तोंडी कुणाचेही नाव घातले नाही.

नाव आले सप्टेंबर १९३४ मध्ये, खंडणीच्या नोटांवरून. हाउप्टमनने त्याच वखारीत काम केले होते आणि तिथून लाकूडही घेतले होते, हे पुढे उघड झाले. त्याच्या माळ्यावरची एक फळी अर्धवट कापलेली दिसली, आणि शिडीची सोळा क्रमांकाची पट्टी तिचाच तुकडा असल्याचे कोहलरनी वलयांवरून दाखवले. यावर आक्षेप असा की, अटकेनंतर माळा पोलिसांच्याच ताब्यात होता, तेव्हा पुरावा त्यांनीच रचला असेल. शंका रास्त आहे. पण त्या पट्टीत चौकोनी खिळ्यांची चार भोके आहेत आणि त्यांना गंज नाही, म्हणजे ती आधी घराच्या आत कुठेतरी ठोकलेली होती, ही नोंद कोहलरनी अटकेपूर्वीच करून ठेवली होती. नंतर ती भोके माळ्याच्या तुळयांवरच्या भोकांशी तंतोतंत जुळली.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. अमेरिकेत २००९ आणि २०१६ मध्ये आलेल्या दोन मोठ्या शास्त्रीय अहवालांनी बंदुकीच्या गोळ्यांवरच्या खुणा पाहून ठाम निष्कर्ष काढण्याच्या पद्धतीला धारेवर धरले. खुणा पुरेशा जुळतात की नाही हे तपासनिसाची नजर ठरवते, आणि ती नजर किती वेळा चुकते हे पुरेसे मोजलेले नाही, असा त्यांचा रोख होता. ही टीका कोहलरनाही लागू पडते. हाउप्टमनच्या हातरंध्याच्या पात्यावरचे खाचखळगे शिडीवर उमटले आहेत, हे त्यांनी न्यायालयात लाकडावर कागद ठेवून, वर पेन्सिल घासून दाखवले. ज्यूरीवर त्याची छाप पडली, पण दुसऱ्या एखाद्या रंध्याचे ओरखडे असेच दिसण्याचा संभव किती, हे कुणीच मोजलेले नव्हते. पात्यांची संख्या, पुलीचा वेग, खिळ्यांमधले अंतर या गोष्टी वेगळ्या आहेत. त्या मोजता येतात, म्हणून खोट्याही ठरवता येतात. शिडीवर कोण चढले, हाउप्टमन एकटाच होता का, याबद्दल लाकूड मुके आहे. सोळावी पट्टी त्याच्या माळ्यावरून आली इतकेच ते सांगते, आणि तेवढे मला मान्य आहे.