पाबळची कार्यशाळा आणि शहरातले ‘प्रोजेक्ट’

‘अनुभवाधारित शिक्षण’ हा शब्द शहरी शाळांच्या माहितीपत्रकांत आता सर्रास आढळतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दप्तराविना दिवस सुचविण्यात आल्याने त्याला अधिकृत प्रतिष्ठाही लाभली. मात्र माध्यमिक शाळेत हाताने काम करून शिकण्याचा राज्यातील एक भक्कम प्रयोग फार आधी पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ या अवर्षणप्रवण गावी आकाराला आला.

हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधक डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी नोकरी सोडून १९८३ मध्ये तेथे ‘विज्ञान आश्रम’ सुरू केला. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचे हे केंद्र. येथील ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ अर्थात आयबीटी हा आठवी ते दहावीचा अभ्यासक्रम असून राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने त्याला पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्यता दिली. आठवड्यातील एक पूर्ण दिवस त्यासाठी राखलेला. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार विभाग. वेल्डिंगपासून रक्तगट तपासणीपर्यंत सारे मुलामुलींनी मिळून करायचे.

प्रयोगाचे मर्म कामांच्या यादीत नाही. बाक किंवा पाण्याची टाकी करायची ती कोणाला तरी हवी असते म्हणून. आधी आराखडा, मग साहित्याचा अंदाज, मजुरी, अखेर किंमत. हिशेब चुकला तर नुकसान डोळ्यांसमोर दिसते आणि क्षेत्रफळ-घनफळाचे गणित तेव्हा आपोआप गरजेचे होते. स्टेशनरीच्या दुकानातून आणलेल्या किंवा आईवडिलांनी रात्री जागून पूर्ण केलेल्या ‘प्रोजेक्ट’ला ही धार कशी येणार? १९३७ मध्ये वर्ध्यात मांडल्या गेलेल्या ‘नई तालीम’चा आग्रहही उत्पादक कामातूनच शिकण्याचा होता. पाबळने त्याला आधुनिक यंत्रांची जोड दिली. अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने २००२ मध्ये तेथे फॅब लॅब उभी राहिली. पुढच्याच वर्षी डॉ. कलबाग यांचे निधन झाले; काम थांबले नाही.

हे सारे खेड्यापुरतेच, अशी शहरी पालकांची समजूत असते. ती तपासून पाहण्यास नवी मुंबईइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. तुर्भ्याच्या बाजार समितीत वजन, दर आणि नासाडी यांचे जिवंत गणित आहे. खाडीकाठी कांदळवन आहे. ऐरोलीत किनारी जैवविविधता केंद्र आहे. पाबळमध्ये गावचे कुशल कारागीर निदेशक झाले, तर ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात हयात घालविलेले फिटर आणि वेल्डर येथे शाळेच्या हाकेच्या अंतरावर राहतात. अडचण आहे ती वेळापत्रकाची. नववी-दहावीचा आठवड्यातील एक सबंध दिवस, तोही शिकवणीच्या वेळांना धक्का लावून, मोकळा करून देण्याची तयारी किती शाळांची आणि किती पालकांची आहे?