माळरानावरची जागल : सोलापूरचा मेंढपाळ आणि त्याचा कुत्रा

कुत्रा पाळणे मनाला आणि शरीराला हितकारक असते, हा विचार आज वैद्यकीय संशोधनाच्या भाषेत मांडला जातो, आणि म्हणूनच तो अलीकडचा व शहरी वाटतो. परंतु भीमा, सीना आणि माण या नद्यांच्या आसपासच्या कोरड्या पठारावर, म्हणजे आजच्या सोलापूर जिल्ह्यात, मेंढपाळ आणि कुत्रा यांचा जो संबंध पिढ्यानपिढ्या टिकून राहिला, तो पाहिला असता या हिताचे मूळ लाडात नसून सोबतीने केलेल्या कामात आहे, असे दिसते.

या प्रदेशात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही बेभरवशाचा असल्यामुळे, जिथे ज्वारी पिकते तिथे शेती आणि जिथे कुसळी गवताखेरीज काही उगवत नाही तिथे मेंढपाळी, अशी विभागणी फार पूर्वीपासून झालेली आहे. सांगोला आणि मंगळवेढा या तालुक्यांत धनगर समाजाची वस्ती मोठी आहे, तर दख्खनी मेंढीचा एक प्रकार ‘सोलापुरी’ याच नावाने ओळखला जातो. कळप घेऊन चाऱ्यामागे फिरणाऱ्या कुटुंबांच्या फिरत्या तळाला ‘वाडा’ म्हणतात. दगडमातीच्या वाड्याशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही. दिवसा मेंढरे चरतात आणि रात्री ती एखाद्या शेतकऱ्याच्या रानात बसवली जातात. त्यांच्या लेंड्यांचे खत जमिनीला मिळते आणि मोबदल्यात मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. अशा वेळी कळपाभोवती जे जाळे उभे करतात त्याला ‘वाघर’ म्हणतात. संस्कृतातील ‘वागुरा’ म्हणजे जाळे या शब्दाशी त्याचे नाते उघड आहे.

जाळ्याने मेंढरू आत राहते, पण लांडगा बाहेर राहतोच असे नाही, आणि सोलापूरच्या गवताळ माळांवर लांडग्यांचा वावर जुना आहे. माळढोकासाठी १९७९ साली राखून ठेवलेल्या नान्नजच्या अभयारण्यात आजही लांडगे आढळतात. तेव्हा रात्रीची जागल, म्हणजे कळपाभोवती जागे राहून करायची राखण, हा मेंढपाळाच्या जीवनातील सर्वांत जड भार होता. कारण दिवसभर कळपामागे चाललेल्या माणसाने रात्रही डोळ्यांत काढायची, हे महिनोन्महिने कोणालाही जमणारे नाही. हा भार कुत्र्याने उचलला. युरोपातील कित्येक मेंढपाळी कुत्री मेंढरे हाकण्यासाठी व वळवण्यासाठी शिकवलेली असतात, तर दख्खनच्या पठारावरच्या कुत्र्याचे मुख्य काम राखणीचे आहे: वाघरीच्या बाजूला पडून राहायचे, वास किंवा चाहूल लागताच भुंकून वाडा जागा करायचा आणि वेळ आलीच तर लांडग्याच्या अंगावर जायचे. मेंढपाळाला यातून झोप मिळते, आणि कुत्र्यापासून माणसाला होणाऱ्या आरोग्यलाभांत झोपेला पहिला मान द्यायला हवा. तिची नोंद आजवर फारशी कोणी केली नाही, एवढेच.

या कामाचा मोबदला भाकरीचा होता. वाड्यावर माणसांच्या भाकरी थापल्या जात असताना कुत्र्याची भाकरी हिशेबात धरलेली असे, आणि म्हणून येथील कुत्रा पाश्चात्त्य अर्थाने ‘पाळीव प्राणी’ नव्हता. त्याला कुटुंबातला बिनपगारी राखणदार म्हणणे अधिक रास्त ठरेल. त्याची जात कोणी लिहून ठेवली नाही. याउलट भीमेपलीकडे, आजच्या बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ संस्थानात, घोरपडे राजघराण्याच्या आश्रयाने वाढलेला सडपातळ, खोल छातीचा शिकारी कुत्रा ‘मुधोळ’ या नावाने प्रसिद्धीस आला. महाराष्ट्रात त्याला ‘कारवान’ म्हणतात. तो नजरेने सावज हेरून वेगाने धावणारा, सशाच्या शिकारीचा कुत्रा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्याचे मूळ कामच बेकायदेशीर ठरले, पण मेंढरांच्या राखणदाराचे काम तसेच राहिले.

या संबंधाला धर्माने दिलेली जागा लक्षणीय आहे. धनगरांसह अनेक जातींचे कुलदैवत असलेल्या खंडोबाबरोबर कुत्रा असतो, आणि त्याचे व्रत घेतलेला वाघ्या स्वतःला देवाचा कुत्रा समजतो. विशिष्ट विधींमध्ये तो भुंकतो आणि ‘कोटंबा’ या पात्रातील अन्न कुत्र्याप्रमाणे तोंडाने खातो. सोलापूर शहराच्या वेशीवरील बाळे येथे खंडोबाचे ठाणे असून मार्गशीर्षात तेथे यात्रा भरते. चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत आणि रोडगा यांचा नैवेद्य दाखवल्यावर त्यातला घास कुत्र्याला घालण्याची रीत महाराष्ट्रात अनेक घरांत आहे. जर्मन अभ्यासक ग्युंटर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा या देवतांवरील आपल्या १९७६ सालच्या ग्रंथात धनगरांचे भटके जीवन आणि त्यांचे दैवतविश्व यांची सांगड घालून दाखवली. तिच्या आधाराने पाहिले तर वाघ्याचे भुंकणे चमत्कारिक वाटत नाही, कारण ज्या समाजाची रात्र कुत्र्याच्या भुंकण्यावर निर्धास्त होते त्याला इमानाची दुसरी कोणती उपमा सुचणार?

कर्नाटकात खंडोबाला मैलार म्हणतात आणि त्याच्या अशाच भक्तांना गोरव. या शब्दाच्या मागे गेले की इ.स. ९५० च्या सुमाराच्या आतकूर येथील शिलालेखापर्यंत पोहोचता येते. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण आणि त्याचा मांडलिक गंग राजा बूतुग यांनी चोळांवर विजय मिळवल्यानंतर, पराक्रमी योद्धा मणलेर याने बक्षीस म्हणून राजाकडून ‘काळी’ नावाचा कुत्रा मागून घेतला. तो रानडुकराशी झुंजताना मेला, डुक्करही मेले, आणि त्याच्या स्मरणार्थ दगड उभारून त्याची पूजा करण्याचे काम गोरवाकडे सोपवण्यात आले. आतकूर सोलापूरपासून फार दूर, दक्षिण कर्नाटकात आहे. परंतु ज्या राष्ट्रकूटांच्या छत्राखाली हे घडले त्यांची राजधानी मान्यखेट, आजचे मळखेड, सोलापूरच्या शेजारच्याच कलबुर्गी जिल्ह्यात आहे.

आधुनिक संशोधनाकडे या पार्श्वभूमीवर पाहिले तर त्यातील निष्कर्ष अधिक नीट उलगडतात. अमेरिकेतील एरिका फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी १९८० साली हृदयविकाराच्या ९२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरी कोणता ना कोणता प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी वर्षभरात ३ दगावले, तर प्राणी नसलेल्या ३९ जणांपैकी ११. स्वीडनमधील ३४ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी १२ वर्षे पडताळणाऱ्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकट्या राहणाऱ्या श्वानपालकांचा मृत्यूचा धोका कुत्रा नसलेल्या एकट्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी आढळला. येथे सावध राहणे आवश्यक आहे: मुळात धडधाकट असलेला माणूसच कुत्रा सांभाळू शकतो, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे अशा आकड्यांवरून ठरत नाही. २०१५ साली जपानी संशोधकांनी दाखवले की कुत्रा आणि मालक एकमेकांकडे दीर्घकाळ पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन, म्हणजे आई व बाळ यांच्यातील जिव्हाळ्याशी निगडित असलेला स्राव, वाढतो. माणसाने वाढवलेल्या लांडग्यांच्या बाबतीत मात्र तसे घडले नाही. वाघरीच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे मेंढपाळाने कधीच ठरवून टाकले होते.

या नात्याची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने होणाऱ्या रोगाचे आणि त्यातील पाण्याच्या भीतीचे वर्णन सुश्रुतसंहितेत आहे, आणि लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग आजही जवळजवळ नेहमीच जीव घेतो. लुई पाश्चरने १८८५ साली लस माणसाला प्रथम टोचली आणि १९०० साली कसौली येथे भारतातील पहिली पाश्चर संस्था सुरू झाली, तरी पोटात टोचायच्या १४ इंजेक्शनांची धास्ती विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत टिकून होती. लस न टोचलेला कुत्रा आरोग्याचा मित्र नव्हे.

सोलापूर शहरातील श्वानपालनाविषयी म्हणायचे तर, चाळीस अंशांच्या वरच्या उन्हाळ्यात दाट केसांचा हिमप्रदेशी कुत्रा बंद खोलीत ठेवणे हे त्याच्याही हिताचे नाही आणि मालकाच्याही. कारण धन्याला चालायला लावणारा कुत्रा तिथे राहत नाही, उरते ती शोभा. येथल्या हवेत रुळलेला गावठी कुत्रा या बाबतीत कितीतरी उजवा आहे. भारतीय टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांवर चार तिकिटे काढली. हिमालयी मेंढपाळ कुत्रा, रामपूर, राजापलयम आणि मुधोळ ही त्यांवरची नावे. सांगोल्याच्या माळावर वाघरीशेजारी जागणारा कुत्रा त्यांत नाही.