हिवाळी भूक
थंडीच्या दिवसांत आहार व शरीरातील चरबी वाढण्याची, ऋतुचक्राशी निगडित प्रवृत्ती. तिचे मूळ अन्नटंचाईपूर्वी ऊर्जा साठवण्यात मानतात. सस्तन प्राण्यांत ती मुख्यतः दिवसाची लांबी व मेलॅटोनिन संप्रेरक यांवर अवलंबून असते (पहा : शीतनिष्क्रियता). अस्वले शरद ऋतूतच चरबी साठवतात. ठाणे खाडीच्या चिखलात हिवाळा काढणारे तुतारी, टिलवा हे पक्षी मात्र वसंतात, परतीच्या प्रवासापूर्वी लठ्ठ होतात. त्यांची ‘हिवाळी भूक’ खरे तर उन्हाळी (पहा : पक्ष्यांचे स्थलांतर).

माणसांत हिवाळी वजनवाढ अल्प असते. अमेरिकेतील २००० सालच्या एका अभ्यासात सणासुदीच्या हिवाळी आठवड्यांत ती सरासरी ०.३७ किग्रॅ. आढळली. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात हेमंतात जठराग्नी प्रबळ असतो असे म्हटले असून स्निग्ध, मधुर आहार सांगितला आहे (पहा : ऋतुचर्या).

ठाण्यातील बाळकुमसारख्या खाडीकाठच्या आगरी-कोळी वस्तीत कडाक्याची थंडी पडत नाही. त्यामुळे येथे वजनाचा संबंध गारठ्यापेक्षा ताटाशी अधिक. डिंकाच्या लाडवासाठी डिंक तुपात लाहीसारखा फुलवतात, त्यात खारीक, सुके खोबरे व गूळ पडतो. संक्रांतीला तिळगूळ असतोच. तिळात वजनाच्या जवळपास निम्मे तेल असते.