सागरतळाखालची ठेव

जुन्या, पडक्या विहिरींत उतरण्यापूर्वीं दोराला दिवा बांधून तो आधीं आंत सोडावा, आणि दिवा विझला तर माणसानें खालीं पाऊल टाकूं नये, हा शहाणपणा आपल्या खेड्यांतून पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. दिवा विझविणाऱ्या त्या कोंदट हवेंत बहुधा कर्बाम्लवायु असतो. शास्त्रीय परिभाषेंत त्यालाच कार्बन डायॉक्साइड म्हणतात. तो हवेहून जड असल्यामुळें खोलगट जागीं सांचून राहतो. याच वायूसाठीं मुद्दाम विहीर खणून त्याला सागरतळाखालीं कायमचा कोंडून ठेवण्याचा उद्योग नॉर्वे देशांत १९९६ सालापासून चालूं आहे. त्या उद्योगाचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

दगडी कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायु जाळून मनुष्यानें कर्बाम्लवायूची हवेंत भर घातली. पृथ्वीवरून परत फेंकली जाणारी उष्णता तो अडवून धरतो आणि त्यामुळें पृथ्वी तापूं लागली आहे. तेव्हां हा वायु धुराड्यापाशींच धरून दुसरीकडे न्यावा, हा विचार साहजिकच पुढें आला. सेझारे मार्केट्टी या इटालियन शास्त्रज्ञानें १९७७ सालीं एक योजना मांडली. जिब्राल्टरपाशीं भूमध्य समुद्राचें जड, खारें पाणी अटलांटिक महासागराच्या खोलींत उतरत असतें. त्या प्रवाहांत हा वायु सोडावा, म्हणजे शतकानुशतकें तो वर येणार नाहीं, अशी ती कल्पना होती. परंतु हा वायु पाण्यांत मिसळला कीं पाणी आम्लधर्मी होतें आणि शंखशिंपल्यांच्या प्राण्यांस तें बाधतें. म्हणून ईशान्य अटलांटिकच्या कांठच्या राष्ट्रांनीं २००७ सालीं समुद्राच्या पाण्यांत वा तळावर हा वायु ठेवण्यास मनाई केली. तळाखालच्या खडकांत तो ठेवण्याचा मार्ग मात्र मोकळा राहिला.

त्या मार्गावर पहिलें मोठें पाऊल याच्या आधींच पडलें होतें. उत्तर समुद्रांतील स्लाइपनर येथें जो नैसर्गिक वायु निघतो, त्यांत शेंकडा सुमारे ९ भाग कर्बाम्लवायु असतो. गिऱ्हाइकें मात्र अडीच भागांहून अधिक पत्करीत नसत. तो वेगळा काढणें तर भागच होतें. प्रश्न एवढाच कीं, काढल्यावर हवेंत सोडावा कीं पुरावा? सोडून देणें फुकट असतें तर त्याला पुरण्याची तसदी कोणी घेतली असती असें वाटत नाहीं. पण १९९१ सालीं नॉर्वे सरकारनें सागरी तेलधंद्याच्या कर्बाम्लवायूवर कर बसविला, आणि सोडण्यापेक्षां पुरणें परवडूं लागलें. हा सारा इतिहास वाचतांना हीच गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. विद्या आधीं होती. तिला कामाला लावलें तें कायद्यानें.

स्लाइपनर येथें दरवर्षीं १० लाख टनांच्या आसपास वायु सागरतळाखालीं सुमारे १ किलोमीटर खोल, उत्सिरा नांवाच्या वालुकाश्मांत घालण्यांत येऊं लागला. तेथें एखादी पोकळ गुहा आहे असें कोणीं समजूं नये. वाळूच्या कणांमधील छिद्रांत खारें पाणी असतें. दाबानें दाट झालेला वायु त्या छिद्रांत शिरतो, आणि वरचा अभेद्य मातकट खडक झांकणाप्रमाणें त्याला अडवितो. ध्वनिलहरी खडकांत सोडून त्यांच्या प्रतिध्वनींवरून वायु कोठवर पसरला हें वेळोवेळीं पाहतात.

लांब नळांतून वायु नेण्याचा प्रयोग पुढें अतिउत्तरेस स्नोव्हीट येथें झाला. हामरफेस्टजवळच्या मेल्कोया बेटावर वेगळा काढलेला कर्बाम्लवायु २००८ सालापासून सुमारे १५० किलोमीटर लांबीच्या नळानें परत सागरतळाखालीं जाऊं लागला. असा वायु नेण्यापूर्वीं अगदीं कोरडा करावा लागतो, कारण ओलाव्यांत त्याचें आम्ल होऊन पोलाद खातें; शिवाय द्रवासारखा दाट व्हावा म्हणून त्यावर मोठा दाबही द्यावा लागतो. हें सर्व साधलें. पण खडकानेंच अडविलें! अपेक्षेपेक्षां दाब लवकर वाढला, आणि २०११ सालीं वायु दुसऱ्या थरांत वळवावा लागला. भूगर्भ मनुष्याच्या आंकडेमोडीला बांधलेला नाहीं, हें तेथें दिसून आलें.

हें सर्व तेलवाल्यांचें झालें. आपल्या घराशीं संबंध येतो तो सिमेंटाचा. भट्टींत चुनखडी भाजली कीं दगडांतूनच कर्बाम्लवायु सुटतो, मग इंधन कोणतेंही असो. सिमेंटाच्या एकंदर वायूपैकीं निम्म्याहून अधिक असा निघतो. नॉर्वेंतील ब्रेव्हिकच्या कारखान्यांत वर्षाला ४ लाख टन वायु धरण्याची योजना २०२५ सालीं सुरू झाली. तेथून तो जहाजानें बर्गेनजवळ ओयगार्डनला जातो, आणि मग सुमारे १०० किलोमीटरच्या नळानें सागरतळाखालीं २,६०० मीटर खोल पोंचतो. त्याच वर्षींच्या ऑगस्टांत पहिला वायु खडकांत शिरला.

तथापि हुरळून जाण्याचें कारण नाहीं. जगांत इंधनें व सिमेंट यांपासून दरवर्षीं सुमारे ३,७०० कोटी टन कर्बाम्लवायु हवेंत जातो; त्यापुढें ४ लाख टन म्हणजे हौदांतील पळीभरही नव्हे. नळही निर्धोक नसतात. अमेरिकेंतील मिसिसिपी राज्यांत सटार्शिया गांवाजवळ २०२० सालीं जमिनीवरचा असाच नळ फुटला, तेव्हां सुमारे २०० लोकांना घरें सोडावीं लागलीं व ४५ जणांना रुग्णालयांत न्यावें लागलें. कोळशाचें धुराडें तसेंच पेटतें ठेवण्यास हा एक परवाना होऊन बसेल, ही टीकाकारांची शंकाही अनाठायीं नाहीं. पण चुनखडीचा वायु दुसऱ्या कोणत्या उपायानें टाळावा, याचें सोपें उत्तर टीकाकारांपाशींही नाहीं.

शेवटचा प्रश्न राखणीचा. युरोपीय संघाच्या २००९ सालच्या कायद्याप्रमाणें विहीर बुजविल्यावर सामान्यतः निदान २० वर्षें जबाबदारी चालविणाऱ्या कंपनीची. पुढें ठेव स्थिर आहे अशी खात्री पटली कीं ती राज्याच्या माथीं येते. वायु मात्र हजारों वर्षें तेथें राहावा अशी अपेक्षा आहे. घर बांधणारा एक, सिमेंट विकणारा दुसरा आणि राखण करणारे अजून जन्मालाही न आलेले! ही ठेव त्यांच्या हवालीं करतांना ती शक्य तितकी लहान करून द्यावी, एवढें तरी आजच्या पिढीच्या हातीं आहे.