फास आणि नाव

मलकापूरला लागून आगाशिवाचा डोंगर आहे. लेणी पाहायला जाणाऱ्याला गवतातली सशाची वाट दिसत नाही. फास लावणाऱ्याला दिसते. आपल्याकडचा ससा बीळ करत नाही. खळग्यात दबून दिवस काढतो आणि तिन्हीसांजेला बहुधा ठरल्या वाटेनेच चरायला निघतो. फासाची सारी विद्या या सवयीवर उभी आहे.

विद्या जुनी. ज्ञानेश्वरीच्या सोळाव्या अध्यायात डोंगराकडे निघालेल्या पारध्यांजवळ पाश, वागुरा, कुत्री, ससाणे असा सगळा सरंजाम आहे. वागुरा म्हणजे जाळे, बोलीतली वाघूर. तिला हाकारे लागतात. फासाला एकटा माणूस पुरतो. फासेपारध्यांचे नावच त्यावरून पडले. तात नि कातड्याचे फास ते स्वतः वळत. १८७१पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी अशा जमातींवर जन्मतःच शिक्का मारला. तो १९५२ साली कागदावरून पुसला. १९७२च्या वन्यजीव कायद्याने परवान्याशिवाय, आणि १९९१च्या दुरुस्तीने पूर्णच, सशाची शिकार बंद झाली.

आता फास मोटारसायकलच्या क्लचवायरचा असतो. तो वळायला कसब लागत नाही, आणि डुकरासाठी लावलेल्यात बिबट्याही अडकतो. लावणारा कोणीही असू शकतो, बांधावरचा शेतकरीसुद्धा. चौकशी मात्र अजून आधी पारध्यांच्या पालावर जाते.